‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ : दिवसाची वीज मिळाली, पाण्याचा हिशेब राहिला

शेतीला रात्रीचीच वीज का, हा प्रश्न महाराष्ट्रात अनेक निवडणुकांमध्ये विचारला गेला आहे. त्याला मिळालेल्या उत्तरांपैकी सर्वांत मोठ्या प्रमाणावर बांधापर्यंत पोहोचलेले उत्तर म्हणजे राज्य सरकारने 2024 मध्ये जाहीर केलेली आणि महावितरणमार्फत राबवली जाणारी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना. आमच्या कुटुंबाच्या शेतात विहिरीवर या योजनेतील 5 अश्वशक्तीचा पंप बसलेला आहे. त्याच्या वापरावरून आणि शिवारातल्या इतरांच्या पंपांकडे पाहून माझे मत असे झाले आहे की यंत्र म्हणून हा पंप चांगला आहे आणि त्यामागची दुरुस्तीची सेवा मध्यम आहे, मात्र पाण्याच्या धोरणाचा भाग म्हणून पाहिल्यास योजना अपुऱ्या विचाराची आहे.

खर्चाच्या बाजूने तक्रारीला जागा नाही. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला 5 टक्के रक्कम भरावी लागते. उरलेला भार केंद्र आणि राज्य उचलतात. अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे 7.5 अश्वशक्ती अशी क्षमता ठरलेली आहे. अर्ज संकेतस्थळावर करता येतो, पैसे भरल्यावर पुरवठादार आपणच निवडायचा असतो आणि नंतर संयुक्त स्थळपाहणी होते. सातबाऱ्यावर विहिरीची किंवा कूपनलिकेची नोंद नसेल, किंवा जमीन सामायिक असून इतर हिस्सेदारांचे ना हरकत पत्र नसेल, तर अर्ज तिथेच अडतो. म्हणून हे कागद आधी पुरे करून ठेवणे शहाणपणाचे आहे.

आता प्रत्यक्ष कामगिरीविषयी. हिवाळ्यात गव्हा-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी मध्यरात्री बॅटरी घेऊन दारे धरायला जाणे, साप-विंचवांची आणि जुन्नरसारख्या भागात बिबट्याची भीती बाळगणे, हे ज्यांच्या वाट्याला आले आहे त्यांना दिवसा पाणी देता येण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. त्याच तोडीचा दुसरा लाभ असा की कमी दाबाने मोटार जळणे आणि रोहित्र जळाले की ते बदलून येईपर्यंत पिकाने माना टाकणे, या दोन्ही गोष्टी संपल्या. एवढ्या दोन कारणांसाठीसुद्धा मी हा पंप पुन्हा घेईन.

मर्यादा मात्र नीट समजून घ्यायला हव्यात, कारण विकणारा त्या सांगत नाही. सौर पंपाचा प्रवाह उन्हाबरोबर चढतो आणि उतरतो. साधारण दहा ते तीन या वेळेत तो भरात असतो, सकाळी आणि चारनंतर पाणी येते पण त्यात जोर नसतो. त्यामुळे पूर्वीच्या विजेच्या मोटारीवर एकाच वेळी चालणारा ठिबकचा संच तसाच जोडला तर शेवटच्या ओळींपर्यंत दाब पोहोचत नाही, क्षेत्राचे लहान भाग पाडून त्यांना आळीपाळीने पाणी द्यावे लागते. अधिक गंभीर अडचण खरिपातली आहे. ऑगस्टमध्ये पाऊस ओढ देतो, सोयाबीन फुलोऱ्यात असते, एका संरक्षित पाण्याची नितांत गरज असते आणि नेमके तेव्हा आभाळ भरून आलेले असते पण बरसत नाही. अशा दिवसांत पंपाचे पाणी फार कमी होते. 2023 चा कोरडा ऑगस्ट आणि त्यानंतर 40 तालुक्यांत जाहीर झालेला दुष्काळ आठवला, तर हवामान बदलाच्या काळात या अडचणीला अपवाद म्हणून बाजूला सारता येणार नाही.

दुरुस्तीच्या सेवेबद्दल थोडक्यात सांगतो. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा योजनेतच आहे, परंतु आमचा कंट्रोलर बंद पडला तेव्हा पुरवठादाराच्या माणसाने तारखा देत राहण्यापलीकडे बराच काळ काही केले नाही आणि ऐन रब्बीत एक पाण्याची पाळी चुकली. तालुक्याच्या ठिकाणी सुटे भाग आणि तंत्रज्ञ ठेवण्याचे बंधन पुरवठादारावर काटेकोरपणे घातल्याशिवाय ही हमी कागदावरच राहील.

या योजनेवरची राजकीय चर्चा दोन मुद्द्यांभोवती फिरते. सरकार बसवलेल्या पंपांची संख्या सांगते. विरोधक आणि काही शेतकरी संघटना विचारतात की ज्याला पारंपरिक वीजजोडणीच हवी आहे त्याच्यावर सौर पंप का लादता. दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे. खोल कूपनलिका असलेल्या, किंवा नदीवरून लांबवर पाणी चढवून नेणाऱ्या शेतकऱ्याला हा पंप पुरत नाही, आणि त्याला पर्याय ठेवायलाच हवा. दुसरीकडे, 2024 च्याच बळीराजा मोफत वीज योजनेने 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे 44 लाख शेतकऱ्यांचे वीजबिल पाच वर्षांसाठी माफ केले आहे. म्हणजे तारेवरची वीजही फुकट आणि उन्हाची वीजही फुकट. या सगळ्या वादात पाण्याविषयी कोणीही नीट बोलत नाही, याची मला मनापासून चिंता वाटते.

आठ तासांची, पाळीने येणारी वीज शेतकऱ्याला छळत होती हे खरे, पण तीच वीज नकळत विहिरीवरचा लगामही होती. सौर पंपाने तो लगाम काढला आणि त्या जागी दुसरा काही आणला नाही. मार्च ते मे या काळात ऊन सर्वांत कडक असते, म्हणजे पंप सर्वांत जास्त चालू शकतो, आणि विहिरीचे पाणी त्याच वेळी तळाला गेलेले असते. राज्याचा सुमारे 80 टक्के भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते, नदीच्या गाळाच्या मैदानासारखा खोल साठा तिथे नसतो. शेजारच्याने जास्त उपसले तर आपली विहीर आटते, आणि मग आणखी खोल जाण्याची स्पर्धा सुरू होते. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्याने आणि रावेर-यावलच्या केळीपट्ट्याने अतिउपशाची किंमत आधीच मोजली आहे.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 हा सिंचनासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई करतो, परंतु गावोगाव कूपनलिका त्याहून कितीतरी खोल गेल्या आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. सौर पंपाच्या योजनेतही अतिशोषित क्षेत्रासाठी भूजल सर्वेक्षण विभागाच्या दाखल्याची अट आहे, आणि ती चांगलीच आहे. तरीही मूळ रचना अशी की पंपाची क्षमता जमिनीच्या एकरांवर ठरते, विहिरीच्या पुनर्भरणावर नाही. उन्हाळ्यात तासभर उपसल्यावर कोरडी पडणाऱ्या विहिरीवर, केवळ सहा एकरांचा उतारा आहे म्हणून, 7.5 अश्वशक्तीचा पंप बसू शकतो.

यावर उपाय आहेत आणि त्यांतला एक तर जवळजवळ तयार आहे. या पंपांच्या केंद्रीय मानकांत दूरस्थ देखरेखीची यंत्रणा बंधनकारक आहे, पंप किती चालला याची नोंद ती ठेवते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. या दोन्ही नोंदी गावनिहाय एकत्र करून ग्रामसभेपुढे ठेवल्या, तर पाण्याचा ताळेबंद अंदाजावर राहणार नाही. दुसरा मार्ग गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील धुंडी गावाने दाखवला आहे. तिथे 2016 पासून सौर पंप असलेल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने शिल्लक वीज सार्वजनिक वीजजाळ्याला (ग्रिडला) विकायला सुरुवात केली, आणि पाणी उपसायचे की वीज विकायची हा हिशेब प्रत्येकाला करता येऊ लागला. आपल्याकडच्या सुट्या पंपांना वीजजाळ्याशी जोडच नाही, त्यामुळे ज्या दिवशी पाणी द्यायचे नसते त्या दिवशीचे सारे ऊन वाया जाते.

याच कारणाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला अधिक पक्की वाटते. तिच्यात उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा राहतो, संपूर्ण कृषी वाहिनीला, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीला, दिवसा वीज मिळते, शेतकऱ्याची जुनी मोटार तशीच चालते आणि उपशाच्या तासांवर गावाला काही मर्यादाही ठरवता येते. वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे 2024 मध्ये तिच्या दुसऱ्या टप्प्यातील प्रकल्प सुरू झाला. ज्यांच्या वाहिनीचे सौरीकरण जवळ आले आहे त्यांनी वैयक्तिक पंपासाठी घाई करू नये.

ज्यांची विहीर उघडी आहे, पाणी फार खोल नाही आणि किमान रब्बीभर टिकते, त्यांनी अर्ज जरूर करावा. पात्रतेपेक्षा कमी क्षमतेचा पंप मागण्याची मुभा योजनेत आहे. तिचा उपयोग करावा आणि उन्हाळ्यातल्या पाण्याची पातळी व उपशाची उंची स्थळपाहणीच्या वेळी लिहून घ्यायला लावावी. पुरवठादार निवडताना आधीच्या ग्राहकांच्या शेतावर जाऊन दुरुस्तीला किती दिवस लागले एवढेच विचारावे. खोल कूपनलिकेवर अवलंबून असलेल्यांनी मात्र सध्या हा पंप घेऊ नये.