फवारणीचे सुरक्षा किट: पिशवीत काय असते आणि नियम ३९ काय मागतो

पोळा सरला की पराटी (कपाशी) कमरेच्या वर जाते, फवाऱ्याची घाई सुरू होते. मग यवतमाळ, वणी, आर्णी, पांढरकवडा, कुठल्याही बाजारात कृषी केंद्राच्या काउंटरवर एक पारदर्शक पिशवी लटकलेली दिसते. आत टोपी, पातळ मास्क, हातमोजे, चष्मा आणि प्लास्टिकचा एप्रन. वर लेबल: सुरक्षा किट. कधी शे-दीडशे रुपयांना, कधी औषधावर फुकट. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून ही पिशवी गावोगाव पोचली. पोचली हे चांगलेच झाले. पण जो रोजीने दुसऱ्याच्या वावरात पंप पाठीवर घेतो, त्याला ती कितपत वाचवते हे पाहायला मोजमाप लागते. ते मोजमाप कायद्यात लिहिलेले आहे.

कीटकनाशक नियम, १९७१ मधला नियम ३९ सांगतो की औषध हाताळणाऱ्या आणि मारणाऱ्या माणसाच्या अंगावर योग्य पोशाख हवा. कापड औषध आत झिरपू न देणारे आणि प्रत्येक वापरानंतर धुता येणारे हवे. पूर्ण संचात अंगभर वरचा पोशाख व टोप, मनगटाच्या वर अर्ध्या हातापर्यंत येणारे, ओल न झिरपणारे हातमोजे, धूळ न शिरणारा गॉगल आणि बूट. नियम ४० श्वासाच्या साधनांचा आहे. त्यात काडतुसाचा (हवा गाळणारी डबी बसवलेला) मास्क, डबा लावलेला गॅस मास्क अशी नावे आहेत. कापडी पट्टी त्यात कुठेच नाही.

मास्कपासूनच सुरुवात करू, कारण पिशवीतली सगळ्यात फसवी वस्तू तीच. साधा नाकपट्टीचा मास्क किंवा दुपट्टा फार तर मोठे थेंब अडवतो. बाटलीवर नावापुढे ‘ईसी’ लिहिलेले औषध द्रावकात विरघळवलेले असते, त्याची वाफ कापडातून सरळ आत जाते. शिवाय तासाभरात कापड घामाने आणि तुषाराने ओले होते, म्हणजे औषधाची ओली घडीच नाकातोंडावर बांधल्यासारखे. आयएस ९४७३ असा शिक्का असलेला, एफएफपी-२ दर्जाचा मास्क बारीक तुषार अडवतो, भुकटीच्या औषधाला तो बरा. वाफ मात्र त्यालाही अडत नाही. वाफेला रबरी अर्धमुखी मास्क आणि त्याला दोन्ही बाजूंनी फिरवून बसवायची काडतुसे लागतात. काडतुसावरचा तपकिरी पट्टा म्हणजे सेंद्रिय द्रावकांची वाफ, पांढरा पट्टा म्हणजे बारीक कण. फवारणीला दोन्ही पट्टे असलेले काडतूस घ्यावे. ते कृषी केंद्रात क्वचित मिळते. नागपूर, अमरावती, चंद्रपूरकडे कारखान्यांना सुरक्षा साहित्य विकणाऱ्या दुकानात विचारावे.

घेताना तिथेच तपासा: मास्क तोंडावर घट्ट बसवायचा, दोन्ही काडतुसे तळहाताने झाकायची आणि श्वास ओढायचा. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच चिकटून राहिला तर बसला. कडेने हवा आली तर पट्टे आवळा, नाहीतर दुसरा आकार घ्या. दाढीचे खुंट असतील तर कोणताही मास्क नीट बसत नाही. काडतूस उघडल्यावर वापरले नाही तरी हवेतली वाफ शोषत राहते, म्हणून रोज काम झाल्यावर झाकणबंद डब्यात ठेवावे, आणि मास्कच्या आत औषधाचा वास येऊ लागला की त्याच दिवशी बदलावे.

एप्रनची अडचण वेगळी. तो पुढून झाकतो, आणि फवारणाऱ्याची पाठ मागून भिजते. पाठीवरच्या पंपाच्या झाकणाचे वायसर झिजले असेल किंवा टाकी काठोकाठ भरली असेल, तर चालताना हिंदकळून औषध मानेवरून पाठीवर उतरते. खालच्या नळीचा जोड ढिला असेल तर कमरेवर आणि मांडीवर. घामाने ओली, गरम झालेली कातडी औषध लवकर आत घेते. म्हणून औषध कालवताना एप्रन पुढून बांधावा आणि पंप उचलला की तोच फिरवून पाठीवर घ्यावा. खताच्या धुतलेल्या पोत्याची खोळ पाठीवर घेणारे मजूर बरोबरच करतात, फक्त ती पाण्याने भिजणारी नसावी आणि रोज धुवावी. सोळा लिटरच्या टाकीत चौदाच लिटर घालणे आणि झाकणाचे वायसर हंगामाला बदलणे, या दोन गोष्टी कुठल्याही एप्रनपेक्षा जास्त वाचवतात.

अंगभर प्लास्टिकचा सूट मात्र आम्ही सुचवत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात आपल्याकडे तो तासभरही सोसत नाही, माणूस भोवळ येऊन पडतो आणि ते उन्हाने की औषधाने हेही कळत नाही. जाड विणीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, पाठीवर आणि मांड्यांवर न झिरपणारे आवरण, आणि सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर काम, हे जमण्यासारखे आहे.

पिशवीतले हातमोजे बहुधा दवाखान्यात वापरतात तसे पातळ असतात. ईसी औषधातले द्रावक त्यांना काही मिनिटांत मऊ करते आणि बोटाच्या टोकाला चीर पडते. आत सुती अस्तर असलेले मोजे त्याहून वाईट, कारण एकदा आत शिरलेले औषध अस्तर धरून ठेवते. नायट्रिल रबराचे, अस्तर नसलेले, सुमारे ३३ सेंटिमीटर लांबीचे मोजे घ्यावेत. पराटी डोक्याएवढी झाली की नोझल वर धरावा लागतो आणि औषध दांडीवरून हातावर, हातावरून काखेत उतरते. अशा वेळी मोजा बाहीच्या वरून घालून त्याची कड बाहेर दुमडावी, उतरलेले औषध त्या घडीत अडते. सोयाबीन, तूर लहान असताना नोझल खाली असतो, तेव्हा उलटे: बाही मोज्याच्या वर. मोजे काढण्याआधी हातातच साबणाने धुवायचे.

गॉगल चांगला निघाला तरी वाफ धरतो, मजूर तो कपाळावर सरकवतो आणि उपयोग संपतो. उंच पिकात समोर पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल बरी पडते. बूट पिशवीत नसतातच. पँट बुटाच्या बाहेर ठेवून घालायचे गुडघ्याएवढे रबरी बूट वेगळे घ्यावे लागतात. टोपी ठीक आहे.

एकूण निकाल असा की ही पिशवी लेबलवर हिरवा किंवा निळा त्रिकोण असलेले, म्हणजे कमी विषारी औषध, उन्हाळी भाजीच्या वाफ्यावर, वाऱ्याच्या दिशेने मारताना थोडी उपयोगी. लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाच्या, म्हणजे जास्त विषारी औषधाला, वाढलेल्या पराटीत, बारीक तुषार उडवणाऱ्या बॅटरीच्या पंपाने मारताना ती नियम ३९ आणि ४०च्या जवळपासही पोचत नाही.

या पिशवीत एकाच माणसाचा विचार केलेला असतो, हा तिचा दुसरा मोठा दोष. वावरात पंप मारणारा एक असतो, पण धुऱ्यावर (बांधावर) ड्रममधून पाणी आणून, बाटलीच्या टोपणाने औषध मोजून, काडीने कालवून पंप भरून देणारी बहुतेक वेळा बाई असते. पंपातले औषध पाण्यात विरलेले; तिच्या हाती येते ते बाटलीतले दाट औषध. तिला मोजेही नसतात. मोठ्या मापाचा एकच जोड असेल तर तिच्या हातातून तो निसटतो, म्हणून लहान मापाचा जोड आणि चेहऱ्याची ढाल तिच्यासाठी आधी घ्यावी. आणि रोजीचे बोलायचे तर सारख्या किंवा एकाच प्रकारच्या कामाला बाई म्हणून कमी मजुरी देणे १९७६च्या समान वेतन कायद्यापासून बेकायदा आहे. आता तीच मनाई वेतन संहिता, २०१९ मध्ये आहे. पंप मारणाऱ्या बाईला पुरुषापेक्षा कमी रोज देण्याला कायद्यात कसलाही आधार नाही.

आता पैसे कोणी भरायचे. दहापेक्षा कमी माणसे लावणाऱ्या शेतमालकापर्यंत कारखान्यांचे सुरक्षा कायदे सहसा पोचत नाहीत, ईएसआय म्हणजे कामगार विमा तर नाहीच. पण अपघाताच्या भरपाईचा कायदा पोचतो, हे गावात फार थोड्यांना ठाऊक असते. १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत शेतीत कीटकनाशक फवारणारा आणि धुरळणारा मजूर नाव घेऊन सामील आहे. हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला. तुरळक रोजंदारीच्या मजुराला वगळणारे जुने शब्द २००० सालीच काढले गेले. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही; काम करताना आणि कामामुळे इजा झाली एवढे पुरते. सालदार असो की दोन दिवसांचा रोजंदार, दोघेही त्यात येतात.

रक्कम किती? मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयाचा ठरलेला गुणांक. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणांक १८४.१७. महिन्याची मजुरी १०,००० धरली तर ५,००० गुणिले १८४.१७, म्हणजे ९,२०,८५० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर निम्म्याऐवजी ६० टक्के. यापुढे हजार-दीड हजारांचा मास्क महाग म्हणणे मालकाच्याही हिताचे नाही. विमा कंपन्या मजुरांच्या भरपाईची पॉलिसी विकतात, जास्त माणसे लावणाऱ्याने ती हंगामाआधी घ्यावी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना शेतकरी आणि त्याच्या घरच्यासाठी आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या मजुराच्या घरी तिचा पैसा येत नाही.

किटचा आणि कायद्याचा थेट संबंध एका कलमात आहे. सुरक्षेचे साधन दिलेले असून मजुराने ते जाणूनबुजून झुगारले, तर मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व सोडून बाकीच्या इजेत मालक भरपाई नाकारू शकतो. साधन दिलेच नसेल तर ही पळवाट मालकाला उरत नाही. शंभर रुपयांची पिशवी देऊन ‘किट दिले होते’ म्हणणाऱ्यापुढे नियम ३९ची यादी ठेवावी: यातले काय दिले होते? आणि ‘काही झाल्यास जबाबदारी माझी’ असा कागद आधीच लिहून घेतला असेल तरी त्याने हक्क जात नाही. मृत्यूच्या प्रकरणात पंचांसमोर घरच्यांच्या हातावर ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत; भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जमा करावी लागते.

दावे कोलमडतात ते बहुधा दोन ठिकाणी. पहिले दवाखान्यात. विषबाधेचा रुग्ण आला की कागदावर ‘विष प्राशन’ लिहिले जाण्याचा धोका असतो आणि पुढे ती आत्महत्या ठरते. सोबत असलेल्या माणसाने नोंद करतानाच स्पष्ट सांगावे: फवारणी करताना, अमक्याच्या वावरात, इतक्या वाजता, हे औषध. बाटली किंवा लेबल सोबत न्यावे. उतारा कोणता तेही त्यावर छापलेले असते. लाळ, घाम, उलटी, अंधुक दिसणे, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, स्नायू फडफडणे ही लक्षणे दिसली की १०८ला फोन लावायचा. गाडी येईपर्यंत कपडे उतरवून साबण-पाण्याने अंग धुवायचे. उलटी करवायची नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे तो मजूर त्या दिवशी तिथे कामाला होताच याचा पुरावा. मालकाने एका वहीत तारीख, मजुराचे नाव, औषध, किती पंप, दिलेला रोज आणि दिलेले साहित्य लिहून सही घेतली तर ती वही दोघांच्याही कामाची. वही नसेल तर मजुराने रोजीचे पैसे फोनवरून घ्यावेत, ती नोंद राहते. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो; १५१०० हा क्रमांक त्यासाठीच आहे.

खरेदीचा अंदाज: काडतुसांसह मास्क हजार ते दीड हजार, नायट्रिल मोजांचे दोन जोड तीनशेच्या आसपास, बूट चारशे, चेहऱ्याची ढाल दीडशे, जाड एप्रन दोनशे. एका पंपामागे दोन-अडीच हजार. पुढच्या हंगामात फक्त काडतुसे आणि मोजे बदलायचे. बिलावर दुकानदार नुसते ‘किट’ लिहील, तसे लिहू देऊ नये. एकेक वस्तू नाव आणि मापासह लिहून घ्यावी आणि ते बिल त्याच वहीत चिकटवावे.