बिडाची कढई घेतली, ती पण काचऱ्यांसाठी (चार महिने वापरून झाल्यावर)

आधीच सांगते, ही बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची (कास्ट आयर्न) कढई मी फक्त आणि फक्त बटाट्याच्या काचऱ्यांसाठी घेतली. हसू नका. घरात नॉनस्टिकची एक, स्टीलची ट्रायप्लाय एक आणि सासूबाईंची हिंडालियमची एक अशा तीन कढया असताना चौथी आली म्हणून नवऱ्याने "ओट्यावर गॅसला तरी जागा ठेव" असा टोमणा मारून झालाय.

प्रॉब्लेम असा होता की नॉनस्टिकमध्ये काचऱ्या शिजतात, चिकटत नाहीत, सगळं छान, पण ती जी कड असते ना, करपायच्या जरा अलीकडची, तपकिरी, दाताखाली कुर्र करणारी, ती येतच नाही, नुसत्या पिवळ्या मऊ चकत्या होतात. डब्यात पोळीबरोबर चालतात, पण गरम वरणभाताबरोबर तोंडी लावायला त्यात काय मजा. स्टीलमध्ये कड येते, फक्त ती कढईलाच राहते, आपल्या ताटात येत नाही.

तर ऑनलाइन घेतली. १० इंची, दोन कानांची, वजन ३ किलोच्या वर, १,७०० रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. झाकण वेगळं घ्यायचं, त्याचे ६५० अजून. खोक्यावर मोठ्या अक्षरात "प्री-सीझन्ड, धुवा आणि लगेच वापरा". प्री-सीझन्ड म्हणजे तापवलेल्या तेलाचा थर कंपनीनेच आधी चढवलेला.

लगेच वापरली आणि फसले. अर्धा किलो बटाटे, मस्त पातळ चिरलेले, टाकले आणि दोन मिनिटांत सगळे बुडाला असे बसले की उलथन्याने खरवडून जे निघालं त्याला काचऱ्या म्हणायची हिंमत घरात कोणाची झाली नाही. वर त्यात काळे कण. कस्टमर केअरला मेल केला तर आधी फोटो मागवला आणि मग उत्तर म्हणून खोक्यातलंच पत्रक परत पाठवलं. याचा अर्धा स्टार मी तिथेच कापला.

मग आईला फोन. ती कोकणातली, घावन्याच्या बिडाच्या तव्यावर तिचा हात बसलेला. ती म्हणाली, "अगं बिडाचं भांडं पहिल्या दिवशी ऐकतं का कधी? आधी त्याला तेल पाज." म्हणजे काय तर कढई धुवून गॅसवरच कोरडी करायची, कापडाने तेलाचा अगदी पुसट हात फिरवायचा, धूर येईपर्यंत तापवायची, गार करायची, परत तेच. तीन-चारदा. तेल जास्त झालं तर चिकट थर बसतो, माझा पहिल्यांदा बसला, सगळा घासून काढावा लागला. त्यानंतर चार-पाच दिवस आईच्या सांगण्यावरून त्यात नुसता कांदा भरपूर तेलात परतला, कांदा पोह्यात गेला, वाया काही नाही. तेल तापून तापून लोखंडावर कडक गुळगुळीत थर होतो, तोच आपला नॉनस्टिक. कंपनीने एक पातळ थर दिलेला असतो, बाकीचे आपणच चढवायचे, हे खोक्यावर लिहिलं असतं तर माझे अर्धा किलो बटाटे वाचले असते.

दुसऱ्यांदा मात्र जमलं. आणि काय जमलं! आता सवयीने जे करते ते लिहिते, कारण या कढईत नेहमीची पद्धत जशीच्या तशी चालत नाही.

बटाटे सालासकट, विळीवर, दोन रुपयांच्या नाण्याच्या जाडीचे. मशीनच्या स्लायसरने फार पातळ होतात आणि त्याचे वेफर्स होतात, काचऱ्या नाही. चिरले की पाण्यात टाकायचे, पाणी गढूळ होईल ते फेकायचं, दुसऱ्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे. वरचा स्टार्च गेला की चिकटणं निम्म्यावर येतं. मग पंचावर पसरून खरंच कोरडे करायचे, घाई करून ओले टाकले की तेल अंगावर उडतंच आणि वर काचऱ्या वाफेवर शिजतात.

कढई रिकामीच मध्यम आचेवर पाचेक मिनिटं तापवायची. बिड हळू तापतं आणि सगळीकडे सारखं तापत नाही, आधी मधला गोल तापतो आणि कडा गार असतात, मोठ्या गॅसवर ठेवलं तर मधल्या चकत्या काळ्या आणि कडेच्या कच्च्या. तेल तीन पळ्या, यात काटकसर करायची असेल तर ही कढई घेऊच नका. मोहरी तडतडली की हिंग, कढीपत्ता आणि लगेच बटाटे. हळद फोडणीत नाही! ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. स्टीलमध्ये आपण गॅस बारीक करून हळद वाचवतो, बिड एकदा तापलं की गॅस बंद केला तरी धगधगतच राहतं, हळद तपकिरी होऊन कडू होते. म्हणून हळद बटाट्यांवर भुरभुरायची. तिखट तर अगदी शेवटी.

आणि मग हात मागे बांधून उभं राहायचं. चार मिनिटं हलवायचं नाही. मला हे भयंकर अवघड जातं, मी पोहे पण सतत ढवळणारी बाई. पण कड धरली की चकती आपणहून सुटते, आधी उलथनं घातलं की तिचं अर्धं अंग खाली राहतं. एकदा उलटल्या की झाकण घालून पाच मिनिटं, मग झाकण काढून मीठ (आधी घातलं तर पाणी सुटतं), चिमूटभर साखर, तिखट आणि असला तर अर्धा चमचा गोडा मसाला. पूर्ण झाल्यासारख्या वाटायच्या दोन मिनिटं आधी गॅस बंद, उरलेलं काम कढई करते.

उपवासाच्या पण केल्या, साजूक तूप, जिरं, हिरवी मिरची, शेवटी दाण्याचं कूट. कूट मात्र भांड्यात काढल्यावर मिसळा, कढईत ते पाच सेकंदात जळतं.

आता एक गोष्ट जिचा दोष मी महिनाभर कढईला देत होते. एकदा काचऱ्या एकदम चॉकलेटी झाल्या, आतून कच्च्या, चवीला गोडूस. परत पुढच्या आठवड्यात तेच. भाजीवाल्याला विचारलं तर म्हणाला ताई हा कोल्ड स्टोरेजचा माल. बटाटा फार थंडीत, २ ते ४ अंशाला राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते आणि तीच साखर तेलात भसकन लाल होते. वेफर्सवाल्यांना हा त्रास परवडत नाही, त्यांच्यासाठी कुफरी चिप्सोना ही वेगळी जातच आहे, आपल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेली. आपल्याला बाजारात जात कोणी सांगत नाही, फक्त इंदूर, आग्रा, तळेगाव एवढंच कळतं. मी आता एक चकती चिरून तेलात टाकून बघते, लगेच लाल झाली तर तो बटाटा रस्सा-भाजीला. आणि घरी बटाटे फ्रिजमध्ये ठेवत असाल तर तोच साखरेचा कारखाना आपण घरात चालवतोय, बाहेर टोपलीत ठेवा.

कढईच्या तक्रारी. काचऱ्या त्यात ठेवून विसरायच्या नाहीत. मी एका रात्री ठेवल्या, सकाळी राखाडी-काळ्या झालेल्या. बटाट्यातल्या रसायनाची लोखंडाशी गट्टी होऊन हा रंग येतो, खराब झालेल्या नसतात पण लेकाने डबा तसाच परत आणला. पत्रकात "रोजच्या जेवणातून लोह मिळवा" असं अर्ध्या पानावर छापलंय आणि खाली बारीक अक्षरात "टोमॅटो, चिंच, कोकम असे आंबट पदार्थ करू नका". अहो, लोह मुख्यतः उतरतं ते आंबट आणि रसदार पदार्थांतच! सुक्या काचऱ्यांतून काय मिळणार, तेवढ्यासाठी घेऊ नका.

गंज. आमच्या मावशींनी एकदा पावडरने लख्ख घासून जाळीत पालथी घातली, दुपारपर्यंत तांबडी. त्यांची काय चूक, मीच सांगितलं नव्हतं. आता ती मीच धुते, गरम पाणी, काथ्या, लगेच गॅसवर कोरडी, तेलाचा हात. रोज हे तीन मिनिटांचं काम आहे आणि ज्यांना ते जमणार नाही त्यांनी खरंच घेऊ नये. मनगट दुखत असेल तरी घेऊ नका, भरलेली कढई एका हाताने उचलता येत नाही. माझ्या कढईचं बूड गोल आहे, इंडक्शनवर बसत नाही, लोखंड इंडक्शनला चालतं पण बूड सपाट हवं, ते ऑर्डर करताना बघून घ्या, मी बघितलं नव्हतं.

किमतीबद्दल म्हणाल तर रविवार पेठेत वजनावर पत्र्याची लोखंडी कढई याच्या निम्म्यात मिळते, हलकी असते, लवकर तापते, माझ्या जावेकडे आहे आणि तिच्या काचऱ्या पण वाईट नसतात (हे तिला सांगू नका). पण त्यात आच कमीजास्त झाली की लगेच करपतं, बिडाची टिकून राहणारी धग येत नाही.

एकूण साडेतीन स्टार. कढईला चार, "लगेच वापरा" लिहिणाऱ्याला उणे अर्धा. ६५० चं झाकण घेतलं नाही आणि घेणारही नाही, स्टीलचं ताट ठेवते आणि वर वाटीभर पाणी ओतते, आई तसंच करायची, ते पाणी कोमट झालं की ताट काढायची वेळ झाली.