ख्रिस्ती लग्न: गावासारखं की वेगळं?

जालना-बीडकडं सोयरीक जुळली की ख्रिस्ती घरात प्रश्न निघतोच: लग्न गावातल्या इतरांसारखं करायचं की वेगळं?

गावासारखं केलं तर भावकी धरून राहते. हळद, हिरवा चुडा, पुरणपोळी यांनी विश्वासाला बाधा येत नाही. बाजारातलं मांस, ते मूर्तीपुढं ठेवलेलं होतं का याची चौकशी न करता खा, असं बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौलानंच करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलंय. अडचण पुढं येते. हळदीमागून मुहूर्त शिरतो, मग मानपान, आणि शेवटी 'पोराच्या शिक्षणाचा खर्च' म्हणून हुंडा. 1961 च्या कायद्यानं तो देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे.

वेगळं वागायचं तर खरी जागा हीच. हुंड्याला नकार याद्यांच्या बैठकीतच, पाळकांसमोर (चर्चच्या धर्मगुरूंसमोर) सांगावा. साखरपुडा झाल्यावर सांगितला की मुलीकडचे कोंडीत सापडतात. वरात मात्र वेळेत हवी, कारण 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं विधी साधारणपणे सकाळी 6 ते संध्याकाळी 7 मध्येच होतो. डीजेपुढं दोन तास गेले की पाळकांचा नाइलाज होतो.

काही जण हळदीलाच पाप ठरवून आजीला रडवतात आणि हुंड्याचं पाकीट गुपचूप घेतात. 'या युगाशी समरूप होऊ नका' हे पौलाच्याच रोमकरांस पत्रातलं वचन त्या पाकिटाला लागू आहे, वाटीतल्या हळदीला नाही.