20 वॅटवरून 15 वॅटवर: गिटारचा ट्यूब अॅम्प काही महिने वापरल्यावर

माझा जुना अॅम्प 20 वॅटचा सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारा), 8 इंची स्पीकरचा. नवा 15 वॅटचा ट्यूब कॉम्बो (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूब, अॅम्प आणि स्पीकर एकाच डब्यात): 12 इंची स्पीकर, स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर भागात दोन ईएल84 ट्यूब, गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या प्रीअॅम्पमध्ये 12एएक्स7 ट्यूब. आकडा कमी झाला, तरी नवा अॅम्प ड्रमच्या बरोबरीने ऐकू येतो. जुना पार बुडून जायचा.

वॅट दुप्पट केले की आवाज जेमतेम 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. उलट 97 ऐवजी 100 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॅटवर किती मोठा वाजतो ते) स्पीकर लावला, की तेच 3 डेसिबल आयते मिळतात. शिवाय ट्यूब अॅम्प फुल ताणला की खरखरतो, पण कानाला टोचत नाही, त्यामुळे त्याची सगळी ताकद कामी येते.

म्हणून अपग्रेडच्या विचारात असाल तर आधी एक करून बघा. मी जुन्या अॅम्पच्या आतल्या स्पीकरची वायर काढून तितक्याच ओहमचं 12 इंची कॅबिनेट (स्पीकरचा वेगळा डबा) जोडलं. खालच्या ई तारेवर नुसता डबा वाजवल्यासारखा येणारा आवाज गेला, कॉर्डमधले सूर वेगळे ऐकू आले. ज्याला मी ‘ट्यूबचा टोन’ समजत होतो, त्यातला बराचसा भाग स्पीकरचाच निघाला! (ट्यूब अॅम्प मात्र स्पीकर न जोडता कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.)

उरलेला भाग बोटांना कळतो. अॅम्प ब्रेकअपच्या (आवाज नुकता खरखरू लागतो त्याच्या) काठावर ठेवायचा आणि गिटारचा व्हॉल्यूम 10 वरून 6 वर आणायचा: तोच रिफ स्वच्छ होतो. पिक जरा जोरात मारला की पुन्हा खरखर येते. इफेक्टच्या पेडलला हातही न लावता हे सगळं होतं. यासाठी मी हा अॅम्प कधीच विकणार नाही.

पण हे सुख मोठ्या आवाजातच आहे. घरी मास्टर व्हॉल्यूम खाली ठेवला की पॉवर ट्यूबवर ताणच येत नाही, नुसता प्रीअॅम्पचा गेन ऐकू येतो, तोही थोडा किरकिरा. अॅटेन्युएटरने (अॅम्प आणि स्पीकरच्या मधे बसून आवाज दाबणाऱ्या डब्याने) फरक पडतो, पण फार दाबलं की टोन मरगळतो. कमी आवाजात आपल्या कानालाही बास कमीच ऐकू येतो. त्यामुळे रात्रीचा रियाज अजून जुन्यावरच, हेडफोन लावून.

देखभालीचं म्हणाल तर मध्यंतरी एका ठरावीक सुरावर घंटीसारखा नाद यायला लागला. पेन्सिलीने एकेका ट्यूबला हलकेच टिचकी मारली, तेव्हा पहिली प्रीअॅम्प ट्यूब मायक्रोफोनिक (धक्का बसला की स्वतःच वाजणारी) झालेली सापडली. अॅम्प बंद करून, गार होऊ देऊन ती बदलली. तिला बायस करावं (ट्यूबमधला करंट जुळवावा) लागत नाही. त्यापलीकडे चॅसिस (आतली धातूची पेटी) उघडायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज उरतो.

बँडमध्ये वाजवत असाल तर बदला, बिनधास्त. फक्त घरी वाजवत असाल तर आधी चांगला स्पीकर किंवा कॅबिनेट घ्या आणि वर्षभर थांबा. 40 वॅटचा अॅम्प घ्यायचं माझ्या डोक्यात होतं, तो विचार आता सोडला. त्याच्या ट्यूबवर ताण येईल इतका आवाज करायला मला जागाच मिळत नाही.