गंजगोलाईतलं ज्येष्ठमध: काडी घ्या, पूड जपून

लातूरच्या गंजगोलाईत काष्ठौषधींची दुकानं बरीच आहेत, पण ज्येष्ठमध मी एकाच ठिकाणाहून घेते. माल एक नंबर. काडीची साल तपकिरी, मोडली की आत पिवळीधमक, रेशा सुटतात. चघळली की गोडी घशापर्यंत उतरते, वर कडवट चव राहत नाही. किडकी काडी मालक स्वतःच बाजूला टाकतात.

पण मी पाचपैकी पाच तारे देतेय ते वेगळ्या कारणासाठी. परवा माझ्यापुढे औशाकडचे एक आजोबा खोकल्यासाठी अर्धा किलो पूड मागत होते. मालकांनी तराजूला हात लावायच्या आधी विचारलं, "मामा, बीपीची गोळी चालू हाय का?"

"हाय की, रोज सकाळी."

"मग पूड नका नेऊ. कफाचं दुसरं देतो."

मी फार्मसी कॉलेजात शिकवते, म्हणून हा प्रश्न किती मोलाचा आहे ते सांगते. ज्येष्ठमधात ग्लायसिरायझिन असतं. कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनला निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकणारं एक एन्झाइम मूत्रपिंडात असतं, ११-बीटा-एचएसडी टाइप २. ग्लायसिरायझिन नेमकं तेच अडवतं. मग कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉन या मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनच्या जागी जाऊन बसतं, मीठ-पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, बीपी चढतं. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखीच घसरतं.

हे दुखणं जुनंच. रेव्हर्स या डच डॉक्टरांनी १९४६ साली अल्सरच्या रुग्णांना ज्येष्ठमधाचा अर्क दिला; पोटाला आराम पडला, पण काहींच्या अंगावर सूज आली. पुढे त्यातूनच कार्बेनॉक्सोलोन हे अल्सरचं औषध निघालं. ते टाइप १ एन्झाइमही अडवतं. हे टाइप १ उलटं काम करतं: यकृतात, चरबीत, मेंदूत कॉर्टिसोनचं पुन्हा कॉर्टिसॉल बनवतं. एडिनबरोच्या संशोधकांनी २००४ साली मोजक्या वयस्कर पुरुषांवर कार्बेनॉक्सोलोनचा प्रयोग केला, तेव्हा त्यांना शब्द जास्त भराभर सुचू लागले. मात्र पोटॅशियम सांभाळायला सोबत अमिलोराइड द्यावं लागलं. म्हणून मग टाइप २ ला धक्का न लावता फक्त टाइप १ अडवणारे रेणू शोधायची धडपड सुरू झाली. वर्गात हा धडा शिकवताना मी याच दुकानातली काडी मुलांच्या हातात देते.

युरोपातल्या तज्ज्ञ समितीने रोजच्या ग्लायसिरायझिक आम्लाची मर्यादा १०० मिलिग्रॅम सांगितली आहे. 'ताण घालवणारा' म्हणून एका ठिकाणचा तयार चहा मी आणला होता. त्यात ज्येष्ठमध होतं, पण किती आहे ते पाकिटावर कुठंच नव्हतं. मी तो सासूबाईंना दिला नाही, त्यांना बीपी आहे.

या दुकानाबद्दल माझी तक्रार एकच. मालक गल्ल्यावर नसले की पोरगा न विचारता पूड बांधून देतो, आणि पुडीवर नुसतं नाव असतं. बीपी, हृदयाचं दुखणं किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढा शिक्का मारून घ्या, असं मी मालकांना सांगितलंय.