विश्वासाचं पुस्तक घेण्याआधी यिर्मया २९:१० उघडून बघा

खानदेशात नवापूरला जा नाहीतर भुसावळला, चर्चबाहेरच्या टेबलावर हमखास दिसतात ती शे-सव्वाशे पानांची भाषांतरित पुस्तकं. मुखपृष्ठावर सूर्योदय आणि नावात ‘विश्वास’, ‘भरवसा’ नाहीतर ‘प्रीती’. खिशाला परवडतात, बाप्तिस्म्याला किंवा लग्नात भेट द्यायला सोयीची. त्यांत चांगलीही असतात. पण उभ्या उभ्या निवड करायची तर तीन जागा तपासाव्यात.

पहिली बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाची. देवाचे आपल्याविषयीचे ‘हिताचे संकल्प’ सांगणारं २९:११ (अध्याय २९, वचन ११) अशा पुस्तकांत ठरलेलं. ते वचन यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहुदी लोकांना धाडलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या लगेच आधीचं दहावं वचन सांगतं की माघारी यायला सत्तर वर्षं जातील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हतं. त्याला सांगितलं काय, तर घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा. लेखकाने दहावं वचन गाळून अकरावं तेवढं उचललं असेल, तर पुस्तकाचा विषय भरवसा नसून झटपट सुटका आहे, हे ओळखावं. उलट एखाद्याने हबक्कूक या दुसऱ्या संदेष्ट्याचं ३:१७-१८ घेतलं असेल तर पुस्तक हातचं सोडू नका. अंजिराला बहर नाही, द्राक्षीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात दाणा नाही, गोठ्यात जनावर नाही, आणि तरी हा माणूस देवाच्या ठायी आनंद मानतो. मे-जूनच्या वादळात काढणीला आलेली केळी आडवी झालेली ज्यांनी पाहिलीय, त्या रावेर-यावलच्या वाचकाला यावर वेगळी टीप नको.

दुसरी जागा नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा ११ वा अध्याय. एकूण ४० वचनं. विश्वासाने सिंहांची तोंडं बंद झाली, आग विझली, हे सगळे सांगतात. पण ३५ व्या वचनाच्या मध्यावर गाडी वळते: पुढे फटके, बेड्या, करवतीने चिरलेली माणसं, मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ फिरणारी माणसं. आणि ३९ वं वचन म्हणतं की त्यांचाही विश्वास खरा होता, तरी वचनात दिलेलं त्यांना हाती मिळालं नाही. बऱ्या झालेल्या आजाऱ्यांच्या साक्षींनी भरलेल्या पुस्तकात हा दुसरा अर्धा भाग शोधा. नसेल तर ज्याच्या घरी आजारी माणूस बरं झालं नाही, त्याच्या हातात ते पुस्तक देऊ नका. तो स्वतःच्याच विश्वासात खोट काढत बसेल.

तिसरी जागा भाषेची. ‘प्रभूवर विश्वास करा’ असं दिसलं की समजावं, पुस्तक हिंदीवरून आलंय. मराठीत विश्वास ठेवतात. आपल्याकडे मध्य प्रदेशची हद्द जवळ, त्यामुळे हे जरा जास्तच कानावर पडतं. पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, जुन्या मराठीत याहून नेमका शब्द आहे: नीतिसूत्रे ३:५ मध्ये परमेश्वरावर ‘भाव ठेव’ म्हटलंय. वारकऱ्याच्या घरात वाढलेल्यालाही तो समजवावा लागत नाही. तसंच स्तोत्र १३६. २६ वचनं, आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’. मूळ हिब्रू शब्द हेसेद. दिलेल्या शब्दाला जागणारी माया, असा काहीसा त्याचा अर्थ. नव्या सोप्या भाषांतरांत तिथे ‘प्रेम’ येतं. सोपं झालं खरं, पण करार पाळण्याची जी जबाबदारी त्या शब्दात आहे ती पातळ होते. टिकणाऱ्या प्रीतीवर लिहिणाऱ्याने हेसेदला निदान एक पान द्यावं, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आता मूळ मराठीकडे. चिवट प्रीतीवरचं सगळ्यांत सरस पुस्तक चर्चच्या टेबलावर क्वचितच असतं. त्यासाठी जळगाव-धुळ्याच्या साध्या पुस्तकांच्या दुकानात विचारा. ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, १९३४ पासून भागाभागाने छापलं गेलेलं. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. या पुस्तकाचा गाभा त्या मधल्या वर्षांत आहे. नवरा-बायको दोघेही आपापल्या जागी ठाम, नातेवाइकांचा जाच, पंढरपुरातला मुक्काम, आणि तरी धागा तुटत नाही. एकत्र आल्यावरही सोवळं-ओवळं एका रात्रीत सुटत नाही. जे सुटतं ते बाईंच्या स्वतःच्या विचाराने. प्रीतीवर उपदेश शोधू नका, इथे तो नाही. टिळकांचा तापट स्वभाव, न सांगता घरातून निघून जाणं, हातचं उधळून देणं, सगळं बाई हसत हसत लिहितात, आणि १ करिंथ १३ मधलं ‘प्रीती सहनशील आहे’ म्हणजे रोजच्या स्वयंपाकघरात काय, ते आपोआप कळतं.

दोष सांगायचा तर सुरुवात. वडिलांच्या सोवळ्याचं वेड आणि नात्यांचा गोतावळा यांत नवखा वाचक अडकतो आणि ‘येशूचं नाव कधी येतं?’ म्हणून पानं उलटतो. उलटू नयेत, ते सोवळं डोळ्यांपुढे नसेल तर १९०० चा निर्णय किती जड होता ते कळत नाही. घेताना संपूर्ण आवृत्ती की संक्षिप्त, ते आत उघडून बघा.

‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताचं चरित्र सांगणारं काव्यही याच घरातलं. ७६ अध्यायांपैकी पहिले ११ टिळकांचे. ते १९१९ मध्ये गेले, मग ६४ लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि शेवटचा मुलगा देवदत्त यांनी. ओवीत आहे, म्हणून मनात वाचलं तर कंटाळा येतो. रात्रीच्या प्रार्थनेत एका बैठकीला एक अध्याय, मोठ्याने, असं घ्यावं. टाळ-चिपळ्या असलेल्या मंडळींनी टिळकांची ‘अभंगांजलि’ आधी घ्यावी.

पवित्र शास्त्राची प्रत निवडताना अनुक्रमणिका मोजा: प्रोटेस्टंट शास्त्रात ६६ पुस्तकं, कॅथोलिकात ७३. भेट देताना इथेच चुकतं. बायबलशी पहिलीच ओळख होणाऱ्याला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ द्यावं; त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालाय. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं, त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये निघालेलं भाषांतर अभ्यासूंनी शोधावं. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी मोबाइल हाताशी ठेवा: बायबल अ‍ॅपवर अहिराणी आणि मावची (नवापूरकडची आदिवासी बोली) नवा करार आहे, कुणीतरी वाचून दाखवायचं. ‘आहे’च्या जागी अहिराणीतलं ‘शे’ ऐकलं की मान वर होते.

बांधणीचं मात्र दुकानातच बघा. नुसत्या डिंकाने चिकटवलेलं पुस्तक आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात टिकत नाही. डिंक आधी मऊ पडतो, मग कडक होऊन तडकतो आणि मधली पानं सुटतात. पुस्तक मधोमध उघडा, दुमडलेल्या पानांच्या जुडीच्या घडीत दोरा दिसला तर शिवण आहे, तेच घ्या. शास्त्राच्या पातळ कागदावर जेल पेन आणि ओला हायलाइटर चालत नाही, शाई मागच्या पानावर उतरते. मऊ रंगीत पेन्सिल वापरा, आणि ती कोरड्या मेणाची असेल तर ती पानं उन्हात उघडी ठेवू नका.