फ्लॉरेन्स: टूरबरोबर चार तास आणि आमचा स्वतःचा एक दिवस

आमच्या टूरच्या माहितीपत्रकात फ्लॉरेन्सच्या पानावर मायकेलँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याचा मोठा फोटो होता. प्रत्यक्षात दाखवला तो पियाझा देल्ला सिन्योरिया चौकातला, १९१० साली बसवलेला नकलेचा पुतळा. खरा डेव्हिड १८७३ पासून अकादेमिया संग्रहालयात आहे आणि त्याचं तिकीट पॅकेजमध्ये नव्हतं. तसं कुणी सांगितलंही नाही. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी खरा समजून फोटो घरी पाठवले. कंपनीचं जेवण, बस, हॉटेल सगळं चोख होतं, त्याबद्दल एक शब्द नाही. पण एवढे पैसे घेताना ही गोष्ट सांगायला हवी होती, आणि त्या शहराला चार तास द्यायचे म्हणजे अन्याय आहे.

दुसऱ्या दिवशी पिसा होतं. आम्ही दोघांनी त्या मनोऱ्यावर पाणी सोडलं. सौ.च म्हणाली, "अहो, तिरका मनोरा काय पळून जात नाही. राजाराम महाराजांच्या जागेवर जायचं म्हणून आलोय, तर तिथं जाऊया की." (आमच्या कोल्हापूरच्या या महाराजांचं स्मारक फ्लॉरेन्समध्ये आहे, ते पुढं सांगतो.) मॅनेजरना लेखी दिलं, संध्याकाळी हॉटेलवर पोचायची जबाबदारी आमची, असं ठरलं. हॉटेल गावाबाहेर होतं. तिथून लोकल ट्रेननं सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशन. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड बसतो.

सकाळी अकादेमिया. सोमवारी बंद असतं, आमचा मंगळवार होता. वेळ ठरवून तिकीट आधीच काढा, रांगेत तास जातो. पुतळा सतरा फूट उंच, आणि आदल्या दिवशीची नक्कल बघून झालेली असल्यामुळं फरक लगेच कळला. उजव्या हाताच्या शिरा बघा, बाकी मी सांगत नाही.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीत फौंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना चालवतो, तीस वर्षं झाली. त्यामुळं माझा खरा वेळ गेला तो त्याच सिन्योरिया चौकात, कडेच्या कमानीखाली. तिथं शिल्पकार चेल्लिनीचा ब्राँझचा पर्सियस, म्हणजे ग्रीक पुराणातला वीर उभा आहे, हातात मेडुसा राक्षसिणीचं कापलेलं डोकं. १५४५ ते १५५४ इतकी वर्षं लागली त्याला. उघड्यावर आहे, तिकीट नाही. ओतायच्या दिवशी काय झालं ते चेल्लिनीनं स्वतः लिहून ठेवलंय. अंगात ताप, बाहेर वादळ-पाऊस, कारखान्याच्या छताला आग, आणि भट्टीतला धातू थिजायला लागला. तेव्हा त्यानं घरातली सुमारे दोनशे कथलाची ताटं-वाट्या भट्टीत टाकल्या आणि धातू परत वाहता झाला. कथिल कमी तापमानाला वितळतं आणि ब्राँझचा प्रवाहीपणा वाढवतं, हे आज आमच्याकडचा शिकाऊ पोरगाही सांगेल. पण त्या घटकेला ते सुचणं! भर ओतकामात लाईट गेल्यावर लॅडलमधला, म्हणजे ओतायच्या मोठ्या पळीतला धातू डोळ्यांदेखत घट्ट होताना मी बघितलाय. पोटात खड्डा पडतो. उजव्या पायाची बोटं भरली नव्हती, ती नंतर करावी लागली, असंही तो लिहितो. मान वर करून, मोबाईलवर झूम करून मी तो पाय वीस मिनिटं बघितला. सांधा काही मला सापडला नाही. सौ. पायरीवर बसून राहिली, एकदाही "चला" म्हणाली नाही.

तिचा जीव अडकला तो डुओमोच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या संग्रहालयात. शिल्पकार गिबेर्तीचे सोन्याचा मुलामा दिलेले ब्राँझचे दरवाजे तिथं काचेआड ठेवलेत. बाप्तिस्मागृहाला आता लावलेत ते नकलेचे. दहा चौकटी, १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षं काम. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचा पूर शहरात घुसला, त्यात पाच चौकटी निखळल्या. मग दुरुस्ती, तिलाही सत्तावीस वर्षं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शाहूपुरीतल्या घरात पंचगंगेचं पाणी छातीपर्यंत आलं होतं. सौ.च्या आईचं लाकडी देवघर त्या पाण्यात सुटं झालं, त्याचे तुकडे आम्ही उन्हात वाळवले होते. दरवाजासमोर ती बराच वेळ काही बोललीच नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "देवघर परत जोडून घेऊया."

जेवणाचं थोडक्यात. तिकडचा पाव अळणी असतो, मीठच नाही, विसरले नाहीत ते. शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजी परत उकळून करतात ती रिबोल्लिता मागवा. आमटीत भाकरी कुस्करल्यासारखी लागते, वर पर्समधला कांदा-लसूण मसाला घातल्यावर सौ.नं दुसरी वाटी घेतली. गाडीवर लाम्प्रेदोत्तो म्हणून जे मिळतं ते गाईचं पोट असतं, हे माहीत असू दे.

दुपारी स्टेशनजवळून टी-१ ट्रामनं काशीने बागेच्या थांब्यावर उतरलो. मंगळवारचा बाजार उठत आला होता, माणसं छत्र्या मिटवत होती. तिथून नदीकाठानं सरळ पश्चिमेला, बाग संपेपर्यंत चालायचं. पाऊण तास लागतो, गुडघे दुखत असतील तर टॅक्सी करा.

मी राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. ज्यांच्या नावाचं कॉलेज, ते छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला या शहरात वारले, हे मला पन्नाशीनंतर कळलं. (कोल्हापुरातली राजारामपुरी ज्यांच्या नावाची ते वेगळे, शाहू महाराजांचे चिरंजीव.) त्या काळी इथं चितेवर दहन होत नव्हतं, खास परवानगी काढून जिथं मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथं अग्नी दिला. त्याच जागी १८७४ साली स्मारकाची छत्री उभारली. आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे आमच्या न्यू पॅलेसचेच वास्तुकार. आत रंगवलेला अर्धपुतळा आहे, डोक्याला पागोटं, चेहरा अगदी कोवळा. चौथऱ्यावर चार भाषांत लेख कोरलेत, त्यातली देवनागरी अक्षरं दिसल्यावर माझा गळा दाटला. शेजारच्या मोठ्या पुलाला आजही 'इंडियानो'चा, म्हणजे भारतीयाचा पूल म्हणतात.

सौ.नं कुंपणाशी चपला काढल्या. अंबाबाईच्या देवळातलं कुंकू ती पुडीत घेऊन आली होती, ते चिमूटभर कडेच्या मातीवर वाहिलं. "वीस वर्षाचं लेकरू हो," एवढंच म्हणाली. संगमाकडं बघत आम्ही तासभर बसलो. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या संगमावर बसतो तसंच.

परतल्यावर कंपनीच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर मी दोन गोष्टी लिहून दिल्यात. अकादेमियाचं तिकीट पॅकेजमध्ये घ्या, किंवा फोटो तरी काढून टाका. आणि कोल्हापुरातून निघणाऱ्या टूरची बस काशीने बागेच्या त्या टोकाला अर्धा तास थांबवा. ऑफिसातल्या मुलीनं दुसरी ओळ वाचून विचारलं, "काका, तिथं आपले महाराज आहेत?" तिला मोबाईलवरचे फोटो दाखवले, तिनं ते स्वतःच्या फोनवर मागून घेतले.